ळकाराची पूर्वपीठिका

मराठी वर्णमाला म्हणतांना ‘ह’ पर्यंत आलों म्हणजे उच्चारस्थानांची व्यवस्था संपते, आणि त्यानंतर ‘ळ’ येतो. कंठापासून ओष्ठांपर्यंत पांच वर्ग, मग अंतःस्थ, मग ऊष्मे, अशी जी रांग आपल्या पूर्वाचार्यांनीं लाविली, तींत प्रत्येक वर्णास आपलें आसन आहे. ‘ळ’ मात्र ‘क्ष’ व ‘ज्ञ’ या जोडाक्षरांच्या शेजारीं, पंगत बसून गेल्यावर आलेल्या पाहुण्यासारखा, शेवटीं बसलेला दिसतो. अंकलिपींतही त्याची अडचण होते. बहुतेक अक्षरांस त्या त्या अक्षरानें आरंभ होणारा शब्द सांपडतो. ‘ळ’ नें आरंभ होणारा शब्द मराठींत नाहीं, म्हणून ‘बाळ’ किंवा ‘कमळ’ यांसारखा शब्द घेऊन त्याच्या शेवटच्या अक्षराकडे मुलांस बोट दाखवावें लागतें.

या अक्षराचा वृत्तांत लिहावा असें आम्हांस वाटण्याचें कारण ग्रंथांत नसून शाळेंत घडलें. डहाणू व तलासरी या तालुक्यांत मुलांस शिकवीत असतां त्यांच्या वह्यांतील ‘डोला’, ‘काला’, ‘फल’ असे शब्द आम्ही वर्षानुवर्षे तांबड्या शाईनें खोडीत असूं व गुण कापीत असूं. एके दिवशीं चौथ्या इयत्तेंतील एका वारली मुलीनें विचारलें कीं, पुस्तकांत ‘फलाहार’ छापलें आहे तें चालतें, मग माझें ‘फल’ कां चालत नाहीं? प्रश्न सरळ होता. ‘फलाहार’ हा संस्कृत शब्द आहे, एवढें सांगून आम्ही वेळ मारून नेली. परंतु त्यानें तिचें समाधान झालें नाहीं व आमचेंही झालें नाहीं. संस्कृतांतील ‘फल’ मराठींत ‘फळ’ कां झालें, आणि तिच्या बोलींत तें पुनः ‘फल’ कां आहे, या दोन प्रश्नांचें उत्तर दिल्यावांचून तिचा गुण कापण्याचा आम्हांस अधिकार नव्हता. तें उत्तर येथें मांडण्याचा हेतु आहे.

आरंभ याच किनाऱ्यापासून करूं. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यांत क्षहरात क्षत्रप नहपान याचा जामात उषवदात याचे लेख आहेत. ते इसवी सनाच्या पहिल्या दोन शतकांतील असून सेनार यांनीं ते १९०५-०६ सालच्या ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडांत संपादून प्रसिद्ध केले. त्यांतील मोठ्या लेखांत उषवदातानें इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा व दाहनुका या नद्यांवर होड्या ठेवून पुण्यार्थ फुकट उतार करून दिल्याचें सांगितलें आहे. दाहनुका म्हणजे डहाणूची नदी, हें उघड आहे. त्याच लेखांत नानंगोल या गांवीं नारळीचीं ३२,००० झाडें दान दिल्याचा उल्लेख आहे. नानंगोल म्हणजे उंबरगांवाजवळचें नारगोल, असें संशोधकांनीं ठरविलें आहे. दुसऱ्या एका लेखांत ४२ हें वर्ष दिलें असून कापूराहारांतील चिखलपद्र या गांवीं नारळीचीं ८,००० झाडें दिल्याची नोंद आहे.

या दोन्ही लेखांत नारळीस जो शब्द आहे तो आमच्या विषयाचा आहे. एके ठिकाणीं ‘नाळीगेर’ व दुसऱ्या ठिकाणीं ‘नाळिगेर’ असें कोरलेलें आहे. म्हणजे दोन्हींत ‘ळ’ आहे. संस्कृत कोशांत याच झाडास ‘नारिकेल’ व ‘नालिकेर’ अशीं दोन रूपें आहेत, ‘र’ व ‘ल’ यांनीं जागा बदललेलीं. लेखांतील शब्द दुसऱ्या रूपापासून निघाला. तो आजही नाहींसा झालेला नाहीं. नारगोलच्या गुजराती माणसास विचारलें तर तो ‘नाळियेर’ म्हणेल. सीमेअलीकडे आपण ‘नारळ’ म्हणतों. गुजराती शब्दांत ‘ळ’ आधीं व ‘र’ शेवटीं. मराठींत ‘र’ आधीं व ‘ळ’ शेवटीं. इ. स. १९६० च्या मे महिन्याच्या १ तारखेस मुंबई राज्याचे दोन भाग झाले तेव्हां ठाणें जिल्ह्यांतील उंबरगांव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेंत गेला, व नारगोल पलीकडे पडलें. इ. स. २०१४ मध्यें ठाणें जिल्ह्यांतून पालघर जिल्हा निराळा झाला व डहाणू-तलासरी त्यांत आले. राज्यें व जिल्हे बदलले, परंतु या झाडाच्या नांवांतील ‘ळ’ दोहों बाजूंस राहिला.

याच समासांतील पुढचा शब्द ‘मूल’ हा आहे. नारळीचीं मुळें, म्हणजे झाडें, असा त्याचा अर्थ. तेथें मात्र ‘ल’ कोरलेला आहे. आज आपण ‘मूळ’ म्हणतों. एका समासांत शेजारीं शेजारीं एक ‘ळ’ व एक ‘ल’ आहे, आणि दुसऱ्याचाही पुढें ‘ळ’ झाला. तेव्हां हा वर्ण कोठून आला व त्यानें ‘ल’ ची जागा केव्हां घेतली, हें पाहण्यास आणखी मागें जावें लागतें.

ऋग्वेदाच्या अगदीं पहिल्या ऋचेंत ‘ईळे’ हें क्रियापद आहे. धातु ‘ईड्’, स्तुति करणें. दुसऱ्याच ऋचेंत याच धातूचें ‘ईड्य’ हें रूप येतें व तेथें ‘ड’ तसाच राहतो. हा भेद कां? शौनकाच्या नांवावर असलेल्या ऋक्प्रातिशाख्यांत वेदमित्राच्या मतानें याचा नियम दिला आहे : दोन स्वरांच्या मध्यें आलेल्या डकाराचा ळकार होतो, व तसाच ढकाराचा ‘ळ्ह’ होतो. ‘ईळे’ मध्यें ‘ड’ दोन स्वरांच्या मध्यें आहे. ‘ईड्य’ मध्यें त्यापुढें ‘य’ आहे, म्हणून तो बदलला नाहीं. ‘दृढ’ याचें ऋग्वेदांतील रूप ‘दृळ्ह’ आहे तें याच नियमानें. ‘ळ’ हा शब्दारंभीं कां येत नाहीं याचें बीज येथेंच आहे. दोन स्वरांच्या मध्यें जन्मलेला वर्ण आरंभीं कसा येणार?

पुढें संस्कृत भाषेस व्याकरणाचें शासन आलें तेव्हां हा वर्ण गळला. पाणिनीच्या चौदा शिवसूत्रांत ‘ळ’ नाहीं. लौकिक संस्कृतांत ‘ईळे’ न म्हणतां ‘ईडे’ म्हणावयाचें. वर्णमालेची रांग याच शास्त्राच्या आधारें लागली. म्हणून देशभाषांनीं तो वर्ण जेव्हां मागितला तेव्हां त्यास जागा शेवटीं मिळाली. तो कनिष्ठ म्हणून शेवटीं बसला नाहीं. रांग लागली त्या वेळीं तो संस्कृताच्या घरीं नव्हता, इतकेंच. तथापि त्याची आठवण संस्कृत पंडितांच्या व्यवहारांतून सर्वस्वी गेली नाहीं. ‘डलयोरभेदः’, म्हणजे ‘ड’ व ‘ल’ यांत भेद मानूं नये, असा संकेत टीकाकार देतात, व त्या आधारें कवि ‘जड’ आणि ‘जल’ यांवर श्लेष करितात. ‘ड’ आणि ‘ल’ यांच्या मध्यें कांहीं उच्चार आहे, हें कानांस ठाऊक असल्यावांचून असा संकेत रूढ झाला नसता.

संस्कृतानें जो टाकला तो पालीनें राखला. संस्कृत ‘षोडश’ पालींत ‘सोळस’, ‘क्रीडा’ ‘कीळा’, ‘पीडा’ ‘पीळा’, ‘गुड’ ‘गुळ’ होतो. बाराव्या शतकांतील हेमचंद्रानें आपल्या प्राकृत व्याकरणांत पैशाचीच्या प्रकरणीं ‘ल’ चा ‘ळ’ होतो असें सूत्र घातलें आहे. लिपीचाही साक्षीपुरावा आहे : ब्राह्मी लिपीचे अभ्यासक ब्यूलर यांनीं ‘ळ’ चें चिन्ह ‘ड’ च्या चिन्हापासून साधलें असें मानलें. उच्चार आणि आकृति या दोहोंतही ‘ळ’ हा ‘ड’ चा वंशज ठरतो.

मराठींत मात्र ‘ळ’ ला दोन घराण्यांचा वारसा आहे. पहिलें घराणें ‘ड’ चें. षोडश – सोळा, गुड – गूळ, तडाग – तळें, दाडिम – डाळिंब, पीड् – पिळणें. हा वैदिक व पाली परंपरेचा ‘ळ’ होय. दुसरें घराणें ‘ल’ चें. फल – फळ, मूल – मूळ, काल – काळ, माला – माळ, धूलि – धूळ, वेला – वेळ. संस्कृतांत दोन स्वरांच्या मध्यें एकटा ‘ल’ असला म्हणजे मराठींत त्याचा ‘ळ’ होतो, हा नियम झ्यूल ब्लोक यांनीं मराठी भाषेच्या घडणीवरील आपल्या फ्रेंच ग्रंथांत सप्रमाण मांडला आहे.

मग वाचक विचारील कीं, तेल, बेल, मोल, वेल यांत ‘ल’ कसा राहिला? उत्तर असें कीं, तेथें प्राकृतांत ‘ल’ एकटा नव्हता. तैल याचें प्राकृत तेल्ल, बिल्व याचें बेल्ल, मूल्य याचें मोल्ल, वल्ली याचें वेल्लि. हा जोड ‘ल्ल’ मराठींत एकेरी झाला, परंतु ‘ळ’ झाला नाहीं. ‘काल’ आणि ‘काळ’ हे शब्द घ्या. संस्कृत ‘काल’ याचा मराठी ‘काळ’ झाला. आणि मराठी ‘काल’, म्हणजे आदला दिवस, हा संस्कृत ‘काल’ नसून ‘कल्य’ – ‘कल्ल’ – ‘काल’ असा आलेला आहे. तसेंच वेला – वेळ व वल्ली – वेल. पालि – पाळ व पल्ली – पाल. ज्या जोड्या मुलांस केवळ पाठ करावयास लावितों त्यांच्या मागें दीड-दोन हजार वर्षांचा हिशेब आहे.

या नियमाची परीक्षा वर सांगितलेल्या लेखांतच घेतां येते. ‘चिखलपद्र’ यांतील ‘चिखल’ पाहा. तेथें ‘ल’ आहे, आणि आजच्या मराठींतही ‘चिखल’ असाच ‘ल’ आहे; डहाणू तालुक्याच्या किनाऱ्यावरील चिखले या गांवाच्या नांवांतही तोच आहे. ‘मूल’ चा ‘मूळ’ झाला तसा ‘चिखल’ चा ‘चिखळ’ कां झाला नाहीं? कारण प्राकृत शब्द ‘चिक्खल्ल’ असा आहे. त्या काळच्या लेखनांत जोड व्यंजन एकेरी लिहिण्याची चाल होती, म्हणून दगडावर ‘चिखल’ दिसतें. उच्चारांत जोड होता, व त्यानेंच त्या ‘ल’ चें रक्षण केलें. क्रियापदांतही हेंच घडलें. गेला, केला, आला यांतील भूतकाळाचा ‘ल’ प्राकृत ‘इल्ल’ प्रत्ययापासून आलेला आहे. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायथ्याच्या प्रसिद्ध मराठी लेखांतील ‘करवियलें’ हें क्रियापद त्याच जातीचें. म्हणूनच ‘केलें’ हें क्रियापद व ‘केळें’ हें फळ मराठींत निराळीं राहिलीं.

‘ळ’ चा एक भाऊही आहे, तो ‘ण’. ज्या ठिकाणीं एकट्या ‘ल’ चा ‘ळ’ झाला त्याच ठिकाणीं एकट्या ‘न’ चा ‘ण’ झाला : पानीय – पाणी. जोड असला तर ‘न’ होतो : पर्ण – पण्ण – पान. डहाणू हें नांवच या नियमाचें उदाहरण आहे. लेखांतील ‘दाहनुका’ यांतील स्वरमध्यस्थ ‘न’ आज ‘डहाणू’ मध्यें ‘ण’ झाला आहे. तालुक्याच्या नांवांत एक नियम व तालुक्याच्या झाडांत त्याचा जोडीदार, असा हा योग आहे.

आतां या वर्णाचा प्रदेश पाहूं. मराठी व कोंकणी, गुजराती, राजस्थानी आणि ओडिया या भाषांत ‘ळ’ आहे. पंजाबी बोलण्यांत तो ऐकूं येतो, व गुरुमुखींत ‘ल’ खालीं बिंदु देऊन लिहितां येतो. तमिळ, मलयाळम, कन्नड व तेलुगु या चारी द्राविड भाषांत तो आहे. मोडी लिपींतही त्यास स्वतंत्र अक्षर होतें. बंगालींत व प्रमाण हिंदींत तो नाहीं. यामुळें टिळकांचें नांव हिंदींत ‘तिलक’ होतें व लोणावळ्याचें ‘लोनावला’. केंद्रीय हिंदी निदेशालयानें परिवर्धित देवनागरींत ‘ळ’ चा समावेश केलेला आहे, तरी व्यवहारांत तो क्वचित् दिसतो. रोमन लिपींत विद्वान् लोक अक्षराखालीं बिंदु देऊन हा भेद दाखवितात. परंतु नकाशे व स्टेशनांवरील पाट्या यांत तो बिंदु नसतो. रोमनांतून पुनः देवनागरींत नांव उतरतांना त्यामुळें ‘ळ’ चा ‘ल’ होतो, आणि पुढच्या पिढीस तेंच मूळ वाटतें. स्थलनामांचा अभ्यास करणाऱ्यानें हा धोका लक्षांत ठेवावा.

परंतु ‘ळ’ चा ‘ल’ केवळ नकाशांत होत नाहीं. लोकांच्या मुखींही होतो. उत्तर कोंकणांत आगरी व कोळी यांच्या बोलींत, तसेंच डहाणू-तलासरीकडील वारल्यांच्या बोलण्यांत पुष्कळदां ‘डोळा’ चा ‘डोला’, ‘काळा’ चा ‘काला’ होतो. त्याबरोबरच ‘पाणी’ चें ‘पानी’ होतें. म्हणजे ‘ळ’ व ‘ण’ हे दोघे भाऊ बरोबरच जातात. वऱ्हाडांत व खानदेशांत हाच ‘ळ’ ‘य’ होतो : डोया, काया. पुण्याच्या ‘डोळा’ पासून तिन्ही दिशांस तीन वाटा फुटलेल्या आहेत असें नव्हे. एकाच जुन्या वर्णास प्रांतपरत्वें निरनिराळी गति मिळाली आहे, व पुण्याची ही त्यांपैकीं एक आहे.

येथें एक मोह टाळला पाहिजे. वारली मुलीचें ‘फल’ व संस्कृत ‘फल’ एकच दिसतात, म्हणून तिच्या बोलींत संस्कृत ‘ल’ शुद्ध राहिला असें म्हणण्याचा मोह होतो. तें खरें नाहीं. त्या बोलींत ‘सोळा’ चा ‘सोला’ आणि ‘गूळ’ चा ‘गुल’ होतो, आणि तेथें तर संस्कृतांत ‘ड’ आहे. तेव्हां हें जुन्याचें रक्षण नव्हे. प्रमाण मराठीनें निराळे ठेविलेले दोन वर्ण त्या बोलीनें एक केले आहेत. पण तेंही नियमानें केलें आहे, लहरीनें नव्हे. ‘सोला’ म्हणणारा ‘काला’ ही म्हणतो व ‘डोला’ ही म्हणतो. लौकिक संस्कृतानें वैदिक ‘ळ’ सोडून ‘ड’ घेतला त्यास आपण व्याकरण म्हणतों. कोंकणच्या बोलींनीं ‘ळ’ सोडून ‘ल’ घेतला त्यास अज्ञान म्हणतों. दोन्ही कृति एकाच जातीच्या आहेत. ‘ईळे’ चें ‘ईडे’ करणाऱ्यास जर पंडित म्हणावयाचें, तर ‘डोळा’ चा ‘डोला’ करणाऱ्यास अशुद्ध म्हणण्यास आधार राहत नाहीं.

यावरून ‘ळ’ शिकवूं नये असा अर्थ कोणी काढूं नये. वेल व वेळ, काल व काळ, चाल व चाळ, माल व माळ, मूल व मूळ, केलें व केळें, या जोड्यांत अर्थाचा भेद केवळ या वर्णावर अवलंबून आहे. ज्यास हा भेद लिहितां येत नाहीं त्याचा अर्ज, त्याची पावती, त्याची परीक्षा, सर्वच ठिकाणीं दुसऱ्याच्या हातीं जातात. तलासरीच्या मुलास ‘ळ’ मिळाला पाहिजे. तो त्याचा हक्क आहे. प्रश्न तो कसा द्यावा एवढाच आहे. आम्ही जो मार्ग धरला होता, शब्द खोडणें व गुण कापणें, त्यानें मुलास आपल्या आईचें बोलणें चुकीचें आहे एवढेंच कळतें. ‘ळ’ कोठें लिहावा हें कळत नाहीं. मग तें मूल भीतीनें ‘तेळ’ व ‘चिखळ’ ही लिहूं लागतें. असे शब्द आम्ही स्वतः वह्यांत पाहिलेले आहेत, व त्यांचेही गुण कापलेले आहेत.

त्याऐवजीं प्रथम कान तयार करावा. जिभेचें टोंक मागें वळवून ‘ळ’ व दांतांजवळ ठेवून ‘ल’, असे दोन उच्चार ‘वेल–वेळ’ यांसारख्या जोड्यांनीं ऐकवावे, आणि ‘तुझ्या घरीं दोहोंस एकच ध्वनि आहे, पुस्तकांत दोन आहेत’ असें स्पष्ट सांगावें. हें नववी-दहावीचें ज्ञान नव्हे; चौथींतील मुलास तें समजतें, कारण घरीं एक व शाळेंत एक, हें तो रोजच अनुभवीत असतो. उत्तरपत्रिका तपासतांना विषयाचें ज्ञान व प्रमाण लेखन यांचे गुण निराळे ठेवावे; भूगोलांत ‘तले’ लिहिणाऱ्यास तळें म्हणजे काय हें ठाऊक असतें.

आणि एक विनंति संशोधकांस. या भागांतील गीतें, कथा, झाडांचीं व जागांचीं नांवें जमवितांना बोलणाऱ्याच्या तोंडचा ‘ल’ तसाच लिहावा. छापतांना ‘सुधारून’ त्याचा ‘ळ’ करूं नये. जुन्या कागदांत असा ‘ल’ आढळला तर लेखकाचा हातचुका म्हणून सोडूं नये. कदाचित् तोच त्याच्या गांवाचा पत्ता असेल. उषवदाताच्या लेखनिकानें ‘नाळीगेर’ मध्यें ‘ळ’ व ‘मूल’ मध्यें ‘ल’ असें जसें होतें तसें कोरविलें, म्हणून आज आपणांस हा हिशेब मांडतां आला. त्यानें एकाचें दुसरें केलें असतें तर मांडतां आला नसता.

त्या मुलीस आज उत्तर द्यावयाचें झाल्यास आम्ही असें सांगूं : ‘फलाहार’ हा शब्द संस्कृतांतून तयार आलेला, म्हणून त्यांत ‘ल’, ‘फळ’ हा शब्द लोकांच्या तोंडून पिढ्यान् पिढ्या येत आलेला, म्हणून पुस्तकांत त्यास ‘ळ’, आणि तुझ्या घरचें ‘फल’ हेंही तसेंच तोंडून आलेलें, फक्त दुसऱ्या वाटेनें. परीक्षेंत ‘फळ’ लिही. घरीं ‘फल’ म्हणण्यांत कांहीं चूक नाहीं. हें आम्हीं तिला तेव्हांच सांगितलें पाहिजे होतें. तो गुण आम्ही तिला देणें लागतों.